मूठ उघडायचा व्हिडिओ

लिंक पाहिजे म्हणता? आधी बसा, आणि तो मोबाईल खाली ठेवा. माझ्या खानावळीत रोज कुणी ना कुणी येतं. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची नाईट करून करून झोप उडालेली. जेवण झालं की हात धुता धुता म्हणतात, "सुमनताई, तुमचा भाऊ करतो तो चिनी व्यायाम आम्हालाबी पाठवा की." पाठवा की म्हणे! ते काय लोणचं आहे, मागितलं की ताटात टाकलं? माझ्या भावाच्या मोबाईलमध्ये दोन व्हिडिओ होते. एकानं त्याचा हात बरा होणार होता आणि दुसऱ्यानं तो खुनी होणार होता. दोन्हींचं नाव एकच, चिगाँग. म्हणून मी कुणाला नुसती लिंक देत नाही. ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका, नाहीतर समोरच्या वडापाववाल्याला विचारा, त्याला जगातलं सगळं कळतं.

माझा भाऊ ज्योतीराम. आम्ही औशाकडचे, लातूर जिल्हा. लग्न होऊन मी चाकणला आले, मालक वारल्यावर ही खानावळ टाकली आणि याला इकडं बोलावून घेतलं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आमचा बाप लई तापट. हातात येईल त्यानं मारायचा, वादी म्हणू नका, चप्पल म्हणू नका, एकदा तर पेटता कंदील फेकून मारला होता. मी बापावर गेले. मला कुणी एक ठेवून दिली तर मी दोन देऊन यायची. हा कुणावर गेला देव जाणे. शाळेत पोरं याच्या पाठीत कर्कटक खुपसायची आणि हा मागं वळून ते कर्कटक परत त्यांच्याच हातात द्यायचा. मी त्या पोरांना चिंचेखाली गाठून बदडायची, आणि घरी येऊन यालाही बदडायची, मुकाट का सोसलंस म्हणून.

इथं त्यानं फोर्कलिफ्टचं लायसन काढलं आणि गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. सात वर्षांत एक पेटी पाडली नाही, कुणाच्या पायाला चाक लावलं नाही. माल उचलला की गाडी बुडाखाली कशी हलते त्यावरनं तो वजन सांगायचा, काट्यावर न्यायची गरज नाही. त्या वजनानंच घात केला.

कंपनीचं भंगार उचलायचं काम होतं दिग्विजयकडं. जुन्या शेतकरी घरातला गडी. जमिनी कंपन्यांना गेल्या, आता गळ्यात सोनं आणि मागं पोरं. भंगार म्हणजे लेथवरचा कीस, लोखंडाच्या कुरळ्या तारा. एके दिवशी ज्योतीरामनं भंगाराची पेटी उचलली आणि त्याला वजन खटकलं. पेटी खाली ठेवून वरचा कीस बाजूला केला, तर खाली कोरे करकरीत पार्ट. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून गाडीत भरून मोकळा झाला असता. यानं पेटी उचलून परत स्टोअरमध्ये नेऊन ठेवली. ना कुणाला शिवी, ना आरडाओरडा.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली. गेटबाहेर दिग्विजय उभाच होता, दोन पोरं घेऊन. "आमच्या गावात येऊन आमालाच चोर ठरिवतो व्हय रं?" म्हणाला आणि कोयता सरळ डोक्यावर आणला. ज्योतीरामनं उजवा हात आडवा घातला. डोकं वाचलं, पण हात मनगटाच्या वर, मागच्या अंगानं, हाडापर्यंत फाटला. दुसरा वार खांद्यात बसला. जेवणाचा डबा खाली पडून उघडला होता, त्यात रक्त साठलं. बसला थांबलेली शंभर माणसं तिथं उभी होती. शंभरच्या शंभर षंढ. माझी खानावळ गेटपासून हाकेच्या अंतरावर, मी पीठ भरल्या हातांनी धावत गेले. लोक म्हणतात हाड पांढरं दिसतं. साफ खोटं. निळसर असतं. रिक्षात मी त्या हाताला पदर गुंडाळत होते तेव्हा बघितलंय मी.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, मूठ वळायच्या शिरा हाताच्या पोटाकडून जातात, त्या शाबूत आहेत. उघडायच्या शिरा पाठीकडून जातात, त्या सगळ्या तुटल्या होत्या, आम्ही शिवल्यात. हात मिटेल लवकर, उघडायला मात्र वेळ लागेल. तसंच झालं. प्लास्टर निघालं तेव्हा याची बोटं आत वळलेली, आणि करंगळी तर तळहातात रुतून बसलेली.

इकडं दिग्विजयला पोलिसांनी धरला आणि वीस दिवसांत तो जामिनावर बाहेर आला. वॉचमननं म्हणे काही बघितलंच नाही, त्या शंभर जणांनीही नाही. केस उभी राहिली ती एकट्या ज्योतीरामच्या जबाबावर. मग काय, दिग्विजयची पोरं बसस्टॉपवर ठाण मांडून बसायला लागली. पिंपरीला जायचं म्हणजे त्यांच्यासमोरनं जायचं. एकदा त्यांनी याच्या शिवलेल्या हाताला बाईकचा आरसा मुद्दाम घासला. टाके उसवले.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी होती, स्नेहल. गुणाची पोर. ती म्हणाली, आता महिन्यातनं दोनदाच या, बाकी घरी करा. मी दिलेले व्यायाम आधी, आणि त्याच्या जोडीला हवं तर मेडिकल चिगाँग करा. जुना चिनी प्रकार आहे, श्वास आणि सावकाश हालचाल. त्यातला आठ हालचालींचा एक संच घरी शिकता येतो. "पण ताई," ती म्हणाली, "औषधाच्या जागी नाही आणि माझ्या व्यायामाच्याही जागी नाही. आणि काय बघून शिकायचं ते नीट निवडा. सगळंच बघण्यासारखं नसतं."

निवडायचं म्हणल्यावर मला चेव आला. मी वांगंसुद्धा देठ उचलून बघितल्याशिवाय घेत नाही. पिंपरी कॅम्पात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गेले. त्यानं एक जाडजूड हिंदी पुस्तक काढलं. मागं लिहिलेलं, एकवीस दिवसांत साखर, दमा, किडनी, कॅन्सर, सगळं गायब. मी म्हणलं, "मग लिहिणाऱ्याला चष्मा कशाला लागलाय फोटोत?" जे पुस्तक सगळं बरं करतो म्हणतं ते माझ्या मते शेगडी पेटवायला घ्यावं. दुसरं पुस्तक इंग्रजी, चकचकीत. प्रत्येक हालचालीचे दोनच फोटो, सुरुवात आणि शेवट. मला सातवीपर्यंतचं शिक्षण, इंग्रजी येत नाही, पण एवढं कळतं. पिठाचा गोळा दाखवला आणि टम्म फुगलेली भाकरी दाखवली, तर मधली थापायची कशी ते कोण सांगणार, याचा बाप? ते परत ठेवलं.

शेवटी स्नेहलनंच एक सुचवलं. मोठे फोटो, एका हालचालीचे सहा-सहा, आणि पहिल्या पानावर आधी काय लिहिलंय तर हे कुणी करू नये. ताप असेल तर नको, टाका ओला असेल तर नको, चक्कर आली तर बसून घ्या, डॉक्टरांची गोळी बंद करू नका. मला ते पुस्तक तिथंच पटलं. जो आधी नको कुणाला ते सांगतो, तो माणूस खरा. स्नेहलनं प्रत्येक फोटोखाली पेन्सिलनं मराठीत लिहून दिलं.

व्हिडिओचा तर नुसता बाजार. एक बाबा डोंगरावर उभा, मागं बासरी, आणि कॅमेरा त्याच्यापेक्षा ढगांवरच जास्त. एक दाढीवाला लांबनं नुसता हात हलवतो आणि समोरची चार माणसं आडवी पडतात. मी म्हणलं, बाबा रे, एवढं जमतं तर ये चाकणला, एक गिऱ्हाईक दाखवते तुला. मग एक म्हातारी सापडली. साधी पँट, साधी खोली, शेजारी लाकडी खुर्ची. बोलणं कमी. तीच हालचाल समोरनं दाखवायची, मग पाठमोरी उभी राहून दाखवायची म्हणजे डावंउजवं चुकत नाही, आणि मग खुर्चीत बसून दाखवायची, ज्याला उभं राहवत नाही त्याच्यासाठी. अडतीस मिनिटं. मध्ये कुठं तुकडा कापलेला नाही. ती चुकली तर चुकलेलंही दिसायचं. मी म्हणलं, हीच आपली मास्तरीण.

आणि आमच्या दिवट्यानं पहिल्याच आठवड्यात काय करावं? मी पीठ मळत होते आणि हा पलीकडं उभा राहून व्यायाम करत होता. बघते तर म्हातारी मोबाईलमध्ये माकडासारखी टणाटण उड्या मारतीय! यानं व्हिडिओचा वेग दुप्पट केलेला. वर छाती काढून सांगतो, "ताई, अडतीस मिनिटांचं काम मी एकोणीस मिनिटांत बसवलं. सायकल टाइम निम्म्यावर आणला." कंपनीत सात वर्षं हेच ऐकलेलं, एका पेटीला किती सेकंद, आणि त्यातनं दोन सेकंद वाचवले की साहेब पाठ थोपटतो. त्या नादात हात भोपळ्यासारखा सुजला. स्नेहल आधी हसली आणि मग तिनं याला असा झाडला की मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून मी मोजायला उभी राहायला लागले. रोज सकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आधी. हातात लाटणं, घाई केली की पाठीत. आठ हालचालींतली सातवी रागाची आहे, ती नीट ऐका. पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं, दोन्ही मुठी कमरेला. मग एक मूठ सावकाश पुढं न्यायची आणि डोळे वटारून बघायचं, समोर वैरी उभा असल्यासारखं. लोकांना वाटतं झालं. झालं नाही. हात पूर्ण लांब गेला की मूठ उघडायची, एक-एक बोट, मग मनगट फिरवायचं, हवा पकडल्यासारखी पकडायची आणि हात परत कमरेला आणायचा. मूठ नेणं याला सोपं होतं. उघडताना कपाळाला घाम यायचा, दाताखाली ओठ चावायचा, एकदा तर ओठातनं रक्त आलं. मी सोडायची नाही. "करंगळीपासून," म्हणायची. "करंगळीपासून, ज्योत्या. तीच जास्त शहाणी आहे, आधी तिला उठव." पहिले तीन आठवडे करंगळी ढिम्म हलली नाही. मग तांदळाच्या दाण्याएवढी हलली. त्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाईकांना शिरा वाढला.

आणि मग ते दुपारचं झालं. जेवणाची वेळ, पन्नासेक माणसं बसलेली. दिग्विजयची ती दोन पोरं आत आली. एक म्हणाला, "जबाब मागं घेतोस का न्हाई?" ज्योतीराम ताटं उचलत राहिला. त्या मेल्यानं आमटीच्या पातेल्याला लाथ घातली. उकळती आमटी माझ्या डाव्या पायावर. कातडी पायमोज्यासारखी निघाली. मी तशीच उठून त्याच्या कानशिलात लोखंडी पळी हाणली, तो कान धरून खालीच बसला. तेवढ्यात दुसऱ्यानं स्टूल उचललं आणि ज्योतीरामच्या त्याच हातावर घातलं. एकदा नाही, तीनदा. आणि माझा भाऊ नुसता उभा. मूठ आवळलेली, हात खाली. पोरं शिव्या देत निघून गेली.

माझा पाय पेटला होता आणि डोकं त्याहून पेटलं होतं. पन्नास माणसांसमोर मी त्याला बोलले. म्हणलं, "तू बाप्या आहेस का कोण आहेस? तुझ्या जागी मी असते तर त्या दिग्विजयचा हात खांद्यापासून काढून कुत्र्यांना घातला असता. बांगड्या भर, माझ्याच भर!" आणि दोन बांगड्या काढून त्याच्या अंगावर फेकल्या. त्यानं त्या वाकून उचलल्या, पाण्यानं धुतल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. शाळेतलं कर्कटक परत द्यायचा ना, अगदी तसंच. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. रोज भाकऱ्या थापताना माझं तेच, त्याचा हात काढला पाहिजे, त्याचं मुंडकं उडवलं पाहिजे. त्याच्यासमोर त्याच ओट्यावर मी मोजायचीही, आणि शिव्याही तिथंच.

आठवड्याभरानं मी त्याच्या मोबाईलवर दुसरा व्हिडिओ पकडला. छोटी रील. लाल कपड्यातला तरणाताठा गडी, मागं ढोल. तीच सातवी हालचाल. मूठ पुढं, डोळे वटारलेले. मग कापून परत मूठ पुढं, परत डोळे. मूठ उघडत नाही, माघारी येत नाही, नुसता मारतोय. मी म्हणलं, "ही कुठली अर्धवट विद्या? गेलेला हात परत कुठं आला यात?"

"बघायलो नुसतं," तो म्हणाला.

"नुसतं बघायचं नाही. माझ्या घरात अर्धं काही शिकायचं नाही." मी ती रील पुसली आणि त्याच्या टाळक्यात एक दिली. तो "बरं" म्हणाला. तो कायम बरंच म्हणतो.

त्यानंतर तो बदलला, आणि मी मूर्ख, मला वाटलं बरा होतोय. सकाळी मी उठायच्या आधी उभा असायचा. सातवी हालचाल इतरांपेक्षा जास्त वेळा करायचा. हातात बळ आलं, लाटणं गच्च धरायला लागला, मग पिठाचा डबा उचलायला लागला. कुणाशी बोलणं नाही, दिग्विजयचं नाव काढलं तर मान खाली. मी स्नेहलला फोनवर कौतुकानं सांगितलं, पोरगा शांत झालाय. तिनं विचारलं, "सातवीच का जास्त करतात ते?" मी म्हणलं, हाताला जोर यावा म्हणून असेल. आणि फोन ठेवला. एवढी वांगी देठ उचलून बघणारी मी, पण घरातलं माणूस बघितलं नाही.

गुरुवार होता. गुरुवारी इथं कंपन्यांना सुट्टी, रस्ता ओस, खानावळीत दुपारचं जेवण नसतं. दोनच्या सुमाराला मी चटणीसाठी नारळ फोडायला घेतला आणि खिळ्याकडं हात नेला. खिळ्यावर कोयता नव्हता. ओट्यावर बघितलं, खाली बघितलं. तेवढ्यात फळीवर त्याचा मोबाईल दिसला. आवाज बंद होता आणि रील आपली फिरत होती. लाल कपडे. मूठ पुढं, डोळे. मूठ पुढं, डोळे.

नारळ तिथंच टाकला. गुरुवारी दुपारी दिग्विजय त्याच्या भंगाराच्या वजनकाट्यावर एकटा बसतो हे अख्ख्या चाकणला माहीत आहे. मी भाजलेल्या पायानं, अनवाणी, तापल्या डांबरावरनं पळाले. पायाची पट्टी मध्येच कुठंतरी सुटली. तोंडानं देवाचं नाव नव्हतं, एकच चाललं होतं, ज्योत्या नको, ज्योत्या नको.

लांबनंच दिसले मला दोघं. ट्रक चढवायचा तो मोठा लोखंडी पाट, बाजूला केबिन, केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत दिग्विजय, हातात चहाचा कप. ज्योतीराम त्याच्याकडं चालत चाललेला. दिग्विजय हसला. "काय रं लुळ्या, आलास व्हय जबाब मागं घ्यायला?" आणि मग त्याला कोयता दिसला.

पहिला वार खुर्चीवर बसला. दिग्विजय चहासकट मागं कोलमडला म्हणून वाचला, खुर्चीची पाठ उभी चिरली. तो चार पायांवर रांगत पाटावर गेला, केबिनच्या भिंतीला जाऊन टेकला आणि पुढं जायला जागा उरली नाही. "आरं नको, पाया पडतो," ओरडला आणि त्यानं उजवा हात डोक्यावर आडवा घातला. अगदी गेटवर माझ्या भावानं घातला होता तसाच. ज्योतीराम त्याच्यासमोर पाय फाकवून उभा राहिला. त्याचे डोळे बघितले आणि मी जागेवर थांबले. ते डोळे माझ्या बापाचे होते. तीस वर्षांत मी ते त्याच्या तोंडावर कधी बघितले नव्हते. त्यानं मूठ कमरेपासून उचलली, कोयत्यासकट, आणि हात पुढं लांब टाकला, पूर्ण, कोपर सरळ होईपर्यंत. पातं दिग्विजयच्या मनगटाला लागलं. कातडी चिरली, रक्ताची रेघ आली.

आणि तिथं मूठ उघडली.

शपथेवर सांगते, त्यानं ठरवून सोडला नाही कोयता. तीन महिने रोज सकाळी हात लांब गेला की मी ओरडायची ते त्या हाताला ऐकू आलं असणार. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. कोयता लोखंडी पाटावर खणकन पडला. पाची बोटं उघडी, सरळ, ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. त्याचं मनगट फिरलं, त्यानं हवा पकडली आणि मूठ परत कमरेला आणली. श्वाससुद्धा सोडला, म्हातारी सोडते तसा लांब. मग तो आपल्या हाताकडं बघत राहिला. डोळ्यानं त्यानं रील हजार वेळा बघितली असेल, पण हातानं केला तो म्हातारीचा व्हिडिओ.

इथं गोष्ट संपली असती तर मी मोठ्या तोंडानं सांगितली असती. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मी पुढं झाले आणि कोयता उचलला. दिग्विजय माझ्या पायाशी होता, त्याची पँट ओली झालेली, तोंडातनं लाळ. मला त्याची दया आली नाही. मला निळसर हाड दिसलं, आमटीचं पातेलं दिसलं, पायमोज्यासारखी निघालेली माझी कातडी दिसली. माझा हात वर गेला. त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती आणि मी तिथंच नेम धरला होता. दुसरं काही मनात नव्हतं, देवाशप्पथ.

माझ्या मुठीवर एक हात आला. त्यानं हिसका दिला नाही, ओढलं नाही. शिवणीचे वळ असलेला तो हात. त्यानं माझी करंगळी धरली आणि हळूच मागं वळवली.

"करंगळीपासून, ताई," ज्योतीराम म्हणाला. "सावकाश. मी मोजतो."

त्यानं एक म्हणलं, दोन म्हणलं. चौथ्या बोटाला कोयता माझ्या हातातनं त्याच्या हातात गेला, आणि त्यानं तो लांब पाटापलीकडं चिखलात टाकला. मी तिथंच लोखंडावर बसले आणि मोठ्यानं रडले, बापाच्या मयताला रडले नव्हते तेवढं. त्याच्या पायाला हात लावून म्हणलं, माझं चुकलं रे, मी तुला मारेकरी करत होते. तो म्हणाला, "पाय जळायलाय तुझा, ऊठ."

पोलीस आले. आमच्या दोघांवर केस झाली, ती चालू आहे, आणि दिग्विजयवरची गेटची केसही चालू आहे. ज्योतीरामनं जबाब मागं घेतला नाही. कंपनीनं त्याला अजून परत घेतलं नाही, सध्या माझ्याकडंच वाढतो, तुमच्या ताटात आत्ता भात वाढून गेला तोच.

म्हणून म्हणते, म्हातारीचा व्हिडिओ पाठवते तुम्हाला, पण पूर्ण बघायचा आणि आहे त्या वेगानं बघायचा. त्या गुरुवारनंतर मी मोजायला उभी राहत नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहते, पाय फाकवून, आणि तो मोजतो. चार महिने झाले. त्याची पाची बोटं उघडतात. माझ्या उजव्या हाताची करंगळी अजून पूर्ण उघडत नाही, आणि तिला तर कधी कुणी मारलेलंही नाही.